लिंबोणीचा पाया

त्याच्या खिशात कायम एक ओळंबा असे. दोरीच्या टोकाला पितळेचं जड वजन, एवढंच ते यंत्र. दोरी हातात धरायची, वजन खाली सोडायचं, भिंत सरळ उभी आहे की नाही ते कळतं. गवंडी सगळेच ओळंबा वापरतात, पण काम आटपलं की पिशवीत टाकतात. हा मात्र तो खिशातच ठेवी, जेवायला बसला तरी आणि पाहुण्यांकडे गेला तरी. लोकांच्या घरी चहा पिता पिता हळूच दाराच्या चौकटीला लावून बघे आणि मग काहीच बोलत नसे. त्याचं ते न बोलणं घरमालकाला पुढचा आठवडाभर छळत राही. म्हणून लोकांनी त्याचं नावच ओळंबा पाडलं होतं. त्यालाही ते आवडत असावं, कारण कोणी तशी हाक मारली की तो अर्ध्या पावलावर थांबे.

पण त्याचा खरा जीव पायावर होता. "भिंत काय, कोणीही उभी करील," तो म्हणे. "जमिनीखाली काय दडलंय ते दाखवा." आयुष्यभर लोकांच्या घरांचे पाये भरले आणि ती सवय त्याच्या मागोमाग घरी आली. परसातल्या खुराड्याला त्यानं पाया भरला. धुण्याच्या दगडाला भरला. कपडे वाळत घालायच्या तारेचे दोन खांब असे रोवले की एका वादळात शेजारच्या घराचे पत्रे उडाले, पण तारेवरची चादर जागच्या जागी फडफडत राहिली. पुढे कोंबड्या संपल्या. बायकोला खुराड्याच्या जागी पुदिना लावायचा होता, पण ते खुराडं हलेना.

"कोंबड्या गेल्या," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "खुराडं मात्र आमच्या पतवंडांना पुरेल."

खुराडं फोडा म्हटलं की तो गप्प बसे. आपल्या हातानं बांधलेलं आपल्या हातानं फोडायचं नाही, असा त्याचा नेम होता. एका घरमालकानं बांधून झालेली भिंत हातभर मागे घ्यायला सांगितली, तेव्हा त्यानं थापी धुतली, पिशवीत टाकली आणि घरी येऊन निजला. ती भिंत मग दुसऱ्या गवंड्यानं फोडली. त्या रस्त्यानं ओळंबा आजही जात नाही.

असा हा माणूस. आणि त्याच्यापुढे कोणाचं चालायचं, तर ते एका आक्काचं.

आक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. तो एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली काम शिकत होता तेव्हा त्याच कामावर ती डोक्यावरून घमेली वाहत होती. त्याच्या पहिल्या भिंतीचा सगळा चुना आक्काच्या डोक्यावरून आलेला. हे तो कोणाला सांगत नसे, पण विसरतही नसे.

आता आक्का थकली होती. गुडघा वाकत नव्हता, आणि ती ज्या भाड्याच्या घरात एकटी राहत होती ते घर मालकाला पाडायचं होतं. घराबरोबर अंगणातली तिची लिंबोणीही जाणार होती. ओळंबा तिला न्यायला गेला. ती यायला तयार होईना.

"भाची बोलावतेय मला," ती म्हणाली. "तिकडे जाईन."

"भाचीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आक्का. तिथं तू दारातसुद्धा बसू शकणार नाहीस."

"मला कोणाच्या दारातलं ओझं व्हायचं नाही."

"ओझं कसलं त्यात? तू माझं किती वाहिलंस?"

यावर आक्का उठली. काठी टेकत अंगणात गेली. लिंबोणीच्या एका फांदीला तिनं पूर्वीच गुटी बांधून ठेवली होती, म्हणजे फांदीची साल काढून तिथं ओलं शेवाळ गुंडाळलेलं, त्यात पांढरी मुळं फुटलेली. ती फांदी तिनं कापली आणि त्याच्या हातात दिली.

"हे लाव. धरलं तर येईन. माझं झाड तुझ्या मातीत लागलं नाही, तर मी तरी काय लागणार?"

तिनं हे अर्धं थट्टेत म्हटलं की खरंच, ते तिलाच ठाऊक. ओळंब्यानं मात्र ते कंत्राट घेतल्यासारखं घेतलं.

घरी येऊन त्यानं मागच्या दाराबाहेर, जिथं दिवसभर ऊन असतं, तिथं खड्डा खणला. कंबरेइतका खोल. कोपरे नसलेला, घागरीच्या पोटासारखा गोल. रोपवाटिकेतून चांगली काळी माती आणली. पण ती घालण्याआधी तळाशी त्यानं पाया भरला. विटांचे तुकडे रचले, त्यावर चुन्याचा कोबा घातला, धुमसून धुमसून सपाट केला, पाणी मारून मुरू दिला. बहिणीचं झाड, उद्या मोठं होणार, वाऱ्यात हलता कामा नये. मग माती, मग रोप, मग भोवती विटांचा गोल कठडा, त्यावर गुळगुळीत गिलावा. शेवटी रोपाला ओळंबा लावून बघितला. रोप अंगठाभर कललं होतं. ते त्यानं सरळ केलं आणि काठीला बांधलं. बायको दारातून बघत होती, पण ती आली तेव्हा कठडा बांधणं चाललं होतं. पाया तिनं पाहिला नाही.

पहिली पालवी अशी आली की ओळंबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभा राहू लागला. दुसरी पालवीही बरी होती. थंडी सरता सरता तिसरी आली ती पिवळी.

नुसती पिवळी नाही. पानाच्या शिरा हिरव्यागार आणि मधली सगळी जागा फिकट, जणू कोणी हिरव्या दोऱ्याची जाळी पिवळ्या कागदावर चिकटवली. खालची जुनी पानं मात्र धडधाकट.

शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचा. कठडा झाल्यापासून तो त्याच्यावरच बसायचा, कारण बसायला ती जागा उत्तम होती. त्याला जगातलं काहीही दाखवलं तरी त्यात इंजिन दिसायचं.

"पाणी कमी पडतंय," तो म्हणाला. "गरम होतंय ते."

ओळंब्यानं पाणी वाढवलं. पंधरवड्यानं पानं जास्तच पिवळी झाली.

"पाणी जास्त झालं," ड्रायव्हर म्हणाला. "प्लग ओला झाला असेल."

"तूच सांगितलंस वाढवायला."

"मी वाढव म्हटलं. बुडव म्हटलं नव्हतं."

ओळंब्यानं पाणी कमी केलं. मग खत घातलं. मग खत जास्त झालं असेल म्हणून वरची माती उकरून काढली आणि नवी घातली. बायकोनं एकदोनदा सुचवलं की त्याला जरा वाऱ्यावर सोडा, काठी काढा, घट्ट बांधलंय. त्यानं काठी काढली नाही, पण सुतळीची गाठ सैल केली आणि नंतर दिवसभर कोणाशी बोलला नाही.

"रोज सकाळी असे डोळे वटारून बघता त्याच्याकडे," ती म्हणाली. "पिवळं पडेल नाही तर काय. मीसुद्धा पडले असते."

"तू नाही पडलीस."

"मी आत असते. माझ्याकडे तुम्ही बघता कुठे?"

शेवटी तो रोपवाटिकेत गेला. तिथली रोपवाली हिरव्या जाळीखाली पिशव्यांत माती भरत बसली होती. ओळंब्यानं शर्टाच्या खिशातून एक पान काढून तिच्यापुढे धरलं.

"हे शेंड्याचं आहे का बुडाचं?"

"झाडाचं आहे."

"काका, झाडाचं आहे हे मलाही दिसतंय. एक शेंड्याचं आणा, एक बुडाचं आणा."

तो घरी गेला, दोन्ही आणली. रस्ता चढाचा होता आणि ऊन चढलं होतं. रोपवालीनं पानं हातात घेऊन उजेडात धरली.

"बुडाची पिवळी असती तर म्हटलं असतं, उपाशी आहे. तसं नाही. शेंड्याची पिवळी आणि शिरा हिरव्या. म्हणजे ताटात वाढलेलं आहे, पण घशाखाली उतरत नाही. लोह मिळत नाहीये त्याला. मातीत चुना असला की असं होतं."

"माती तुमच्याकडचीच आहे."

"माझ्या मातीत चुना नसतो."

"मग माझ्याकडे चुना कुठून येणार?" ओळंबा म्हणाला. हे विचारताना त्याच्या नखांत चुना होता. सकाळीच एका घराची डागडुजी करून तो आला होता. पण झाडाखालचा पाया त्याच्या मनात आलासुद्धा नाही. त्याच्या लेखी माती वेगळी आणि पाया वेगळा. घरात राहणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का, तुमच्या घराच्या पायात काय आहे, तुम्हाला खोकला का येतो?

रोपवालीनं फवारायला लोहाची पूड दिली आणि सांगितलं, "मातीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर चुना आहे, नाही फसफसली तर नाही."

त्यानं वरची मूठभर माती बशीत घेतली, लिंबू पिळलं, कान लावला, डोळे बारीक केले. माती गप्प. त्यानं आणखी एक लिंबू पिळलं. माती गप्पच. तेव्हा तो तसाच, बशी हातात घेऊन, चढाच्या रस्त्यानं रोपवाटिकेत गेला.

"बघा. काही नाही."

रोपवालीनं बशीत बघितलं. "नाही खरं. मग मला काही कळत नाही, काका."

तो जिंकून निघाला. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं की जिंकून मिळालं काय, झाड अजून पिवळंच आहे. त्यानं बशीतली माती रस्त्याच्या कडेला झटकली. बशी मात्र परत न्यावी लागली, बायकोची होती.

फवाऱ्यानं पानं चार दिवस जरा हिरवी दिसली. त्यावर आलेलं नवं पान पुन्हा पिवळं. ड्रायव्हर म्हणाला, "रंग मारून गाडी चालत नाही." ओळंब्यानं त्याला कठड्यावरून उठवलं.

आणि तशातच आक्का आली. भाची तिला रविवारी न्यायला येणार होती, त्याआधी दोन दिवस भावाकडे राहायला म्हणून. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तिच्या लिंबोणीची शेवटची लिंबं. घर पाडून झालं होतं, झाडही.

चहा न घेताच म्हणाली, "झाड दाखव."

मागच्या दाराशी ती थांबली. उंबऱ्याबाहेर जमीन बरीच खाली होती आणि तिचा गुडघा तिथं उतरायला तयार नव्हता. ओळंब्यानं तिला दोन्ही दंडांना धरून उतरवलं.

"घराला पाया," आक्का म्हणाली, "आणि दाराला पायरी नाही."

"कोणी मागितली नाही कधी."

"हिला विचारलंस?" तिनं बायकोकडे बोट केलं. बायको आत गेली. वीस वर्षं ती त्या दारातून उडी मारत होती.

आक्का कठड्यावर बसली. पानं हातात घेऊन बघितली, एक सुलटं, एक उलटं. बराच वेळ बघितली. मग तिनं झाडाकडे बघायचं सोडून भावाकडे बघायला सुरुवात केली.

"पाणी?"

"घालतो."

"खत?"

"घातलं, काढलं, परत घातलं. लोह फवारलं. रोपवाली म्हणते चुना आहे. मी लिंबू पिळून दाखवलं, नाही म्हणून. आता तूही काही सांगणार असशील तर सांग, ड्रायव्हरचं सगळं करून झालंय."

"खड्डा कोणी खणला?"

"मी. दुसरा कोण खणणार?"

"किती खोल?"

त्यानं कंबरेला हात लावून दाखवला. त्यातही थोडा अभिमान होताच.

"आणि तळाला काय घातलंस?"

"तळाला काय म्हणजे? पाया आहे."

बायको ताट पुसत दारात आली होती. ती पुसायची थांबली.

"कशाचा?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज शांत होता.

"विटांचे तुकडे. वर चुन्याचा कोबा, चांगला धुमसलेला."

"झाडाला पाया भरलात तुम्ही?" बायको म्हणाली.

"नाही तर काय हवेत उभं करू?"

भिंतीपलीकडून ड्रायव्हरचं खोकणं ऐकू आलं. ते खोकणं नव्हतं.

"लहानपणी," आक्का म्हणाली, "यानं मांजराच्या खोक्याखाली विटा रचल्या होत्या. मांजर त्यात गेलंच नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं."

"मातीत चुना नाही," ओळंबा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "पिळून बघितलं मी. दोन लिंबं पिळली."

"वरच्या मातीवर. तिला कुठे दुखतंय? मुळं खाली गेलीत. खालचं काढ."

त्यानं थापी आणली, रागारागानं कठड्याच्या आत एका बाजूला उकरलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि मातीत लडबडलेला एक पांढरा खडा काढून आक्कापुढे ठेवला. आक्कानं पिशवीतलं एक लिंबू घेतलं, नखानं फोडलं आणि खड्यावर पिळलं. खडा फसफसला. पांढरे बारीक बुडबुडे उठले, फुटले, परत उठले.

ओळंबा उकिडवा बसून ते बघत राहिला. चुना त्याला माहीत नव्हता असं नव्हतं. चुना त्यानं जन्मभर हाताळला होता, चुन्यानं त्याची बोटं फुटली होती. पण भिंतीत चुना घट्ट बसलेला असतो, तिथून कोणाच्या घशात जाईल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि त्याला त्याचा इतका संताप आला की तो कोणावर काढावा हे कळेना. ड्रायव्हर भिंतीपलीकडे होता. रोपवाली चढावर. आक्का कठड्यावर.

"म्हणजे लागलं नाही तुझं झाड," तो शेवटी म्हणाला. "रविवारी जा भाचीकडे."

"झाड लागत होतं. तूच लागू दिलं नाहीस."

"मग आता?"

"आता काय. फोड."

तो उठला आणि आत गेला. त्या दिवशी परसात परत आला नाही. जेवताना तो ताटाकडे बघत होता आणि बायको त्याच्याकडे. तिला वाटलं, संपलं. हा माणूस बहीण जाऊ देईल, पण हाताचं काम फोडणार नाही.

सकाळी पहारीच्या आवाजानं तिला जाग आली.

त्यानं आधी कठडा फोडला. नंतर माती मोकळी करून झाड मुळांच्या गोळ्यासकट उचललं, गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवलं. मुळं बघितली. ती खाली गेली होती, कोब्याला टेकली होती आणि तिथून आडवी पसरली होती, अंधारात कोणी भिंत चाचपत दार शोधावं तशी. ते बघून तो क्षणभर थांबला. मग खड्ड्यात उतरला आणि पहार घातली.

पहार उसळून परत आली.

त्यानं पुन्हा घातली. खडूइतका तुकडा उडाला. कोबा हसत असल्यासारखा तसाच सपाट. त्यानं छन्नी घेतली, हातोडा घेतला, घाम पुसला. ऊन वर आलं. ड्रायव्हर भिंतीवरून डोकावला. कठडा गेल्यानं त्याची बसायची जागा गेली होती, त्यामुळे तोही वैतागला होता.

"कंत्राटदार कोण होता?" त्यानं विचारलं.

"गप्प बस."

"नाही, माल चांगला वापरलाय, म्हणून विचारलं."

दुपारपर्यंत अर्धा पाया निघाला. ओळंब्याचे दंड भरून आले होते. एक मोठा तुकडा काही केल्या सुटेना, तेव्हा त्यानं पहार फेकली आणि खड्ड्यातच बसला.

"कोणत्या गाढवानं हे एवढं पक्कं केलंय," तो म्हणाला.

"होता एक," दारातल्या स्टुलावरून आक्का म्हणाली. "हाताला यश होतं त्याच्या. डोक्याचं काय सांगावं."

तिनं पाण्याचा तांब्या बायकोकडे दिला, बायकोनं त्याच्याकडे. तो प्यायला, उठला आणि तो तुकडा सोडवला.

संध्याकाळी खड्डा मोकळा होता, तळाला नुसती जमीन. बायकोनं रोपवाटिकेतून माती आणली आणि स्वतःच भरली, त्याला हात लावू दिला नाही. झाड ठेवलं, पाणी घातलं. झाड थोडं कललेलं होतं. ओळंब्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"खिशातून हात काढ," आक्का म्हणाली.

त्यानं काढला. झाड कललेलंच राहिलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं, पण त्यानं बघितलं.

हात धुताना बायकोनं विचारलं, "आक्का, उद्या भाची आली की काय सांगायचं?"

आक्का झाडाकडे बघत होती. पिवळी पानं तशीच होती, एका दिवसात काय बदलणार.

"सांग, घरात आजारी आहे कोणीतरी," ती म्हणाली. "बरं झाल्याशिवाय मला हलता येत नाही."

ओळंबा नळ बंद करायचं विसरला.

भाची आली, चहा प्यायली, थोडी रुसली आणि एकटीच परत गेली. झाडाला नवा कोंब यायला वेळ होता आणि तो कसा येईल याबद्दल ड्रायव्हरचं मत तयारच होतं. परसात कोब्याची ढेकळं आणि विटांचे तुकडे पडले होते. बायको म्हणाली, फेकून द्या. ओळंबा त्यांच्याभोवती दोनदा फिरला. एवढा चांगला माल फेकून देणं त्याच्यानं होईना. मग त्यानं मागच्या दाराशी जमीन उकरली.

दोन दिवसांनी तिथं पायरी होती. रुंद, बेताच्या उंचीची, कडा गोल केलेल्या. बायकोनं तिच्यावरून आत-बाहेर चारदा फेऱ्या मारल्या, कामाशिवाय. मग आक्का काठी घेऊन उंबऱ्याशी आली आणि थांबली. काठीच्या टोकानं तिनं पायरी ठोकून बघितली.

"पाया भरलास?"

"मग काय नुसतीच ठेवली?" ओळंबा चिडून म्हणाला.

आक्कानं काठी बगलेत मारली, दुखरा पाय आधी टाकला आणि सगळा भार पायरीवर देऊन झाडाकडे निघाली.